व्यापाराचे नाव आणि ठाव

उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ ही जुनी वस्ती आहे. यात्रेकरू तिला काळभैरवाच्या देवळावरून ओळखतात आणि कापडाचे व्यापारी तेथील छपाईवरून. लाकडी ठशांनी छापलेल्या, अथवा मेणाने नक्षी झाकून मग रंगात बुडविलेल्या चादरी, ओढण्या आणि साड्या तेथील छिपा कारागीर तयार करतात व तो माल दूरदूरच्या बाजारांत जातो. कागदोपत्री या वस्तीचे नाव भैरवगढ. लोकांच्या बोलण्यात तेच भेरूगढ होते. आणि २०२३ साली येथील कलेची भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत नोंद झाली, ती ‘उज्जैन बाटिक प्रिंट’ या नावाने. वस्ती एक आणि नावे तीन! परगावच्या गिऱ्हाइकाने यांपैकी कोणतेही नाव घेतले, तरी त्याची मागणी योग्य दारी पोहोचावी, एवढीच व्यापाराची अपेक्षा असते.

ही अपेक्षा साधी दिसते. परंतु ती पुरी होण्यासाठी नाव आणि ठाव यांचा मेळ कोणी तरी घालून द्यावा लागतो. नाव लोकांच्या तोंडी बसते आणि टिकते; ठाव मात्र बदलत राहतो. दुकान दुसऱ्या गल्लीत जाते, पेढी दुसऱ्या शहरी जाते, यंत्र झिजते आणि त्याच्या जागी नवे येते. हा मेळ घालणारी व्यवस्था सुरळीत चालते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती निवृत्त होऊ लागली म्हणजे मात्र तिच्यावर किती जणांचा व्यवहार अवलंबून होता, हे कळून येते. अशीच एक व्यवस्था सध्या जगभरच्या कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून निरोप घेत आहे. ती संगणकांच्या नावांची नोंदवही असून ‘विन्स’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. तिचा निरोप हा केवळ यंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु व्यापाराच्या इतिहासात हा प्रसंग नवा नव्हे. माळव्याच्या बाजारांनी तो यापूर्वी निदान दोनदा पाहिला आहे.

हुंडीवरील नाव

अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी माळव्यात बस्तान बसविले आणि उज्जैन हे शिंद्यांच्या सत्तेचे केंद्र बनले. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली, ती याच काळात. माळव्यातून पुण्याकडे जाणारा पैसा प्रत्येक वेळी थैल्या भरून, पहाऱ्यात नेणे शक्य नव्हते. तो पुष्कळदा हुंडीने जाई. एका गावच्या सराफाकडे रक्कम भरावयाची, त्याने दुसऱ्या गावच्या पेढीवर चिठ्ठी लिहावयाची आणि तेथे ती दाखवून रक्कम घ्यावयाची, असा हा व्यवहार होता.

या चिठ्ठीवर घराचा क्रमांक नसे. असे ते पेढीचे नाव. नागपूर-कामठीकडील बन्सीलाल अबीरचंद किंवा झालरापाटणची बिनोदीराम बालचंद या नावांवरून दिसते, की पेढीचे नाव बहुधा पूर्वजांच्या नावांची जोडी असे आणि ते पूर्वज निवर्तल्यावरही नाव चालू राही. नावावरून पेढी शोधण्याचे काम त्या त्या गावच्या सराफ्याचे. कोणती पेढी कोणत्या गल्लीत आहे, तिचा गुमास्ता कोण, तिची पत किती, याची वही बाजाराच्या तोंडी होती. ‘शाहाजोग’ हुंडीचे पैसे वाटेल त्या वाटसरूला मिळत नसत. बाजारात प्रतिष्ठित म्हणून माहीत असलेल्या व्यापाऱ्यामार्फतच ती वटविली जाई. हुंडी हरवली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत मिळे आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. एकदा प्रतीवर पैसे दिले, की मूळ हुंडी पुन्हा जिवंत होता कामा नये, याची काळजी घ्यावी लागे.

१८१० साली दौलतराव शिंदे यांनी आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरच्या लष्करात नेली. दरबाराशी देवघेव असणाऱ्यांना नव्या जागी दुकान मांडणे आले. परंतु त्यासाठी हुंडीवरील नाव बदलण्याचे कारण नव्हते. ठाव बदलला तरी नाव चालत राहावे, हाच त्या व्यवस्थेचा गुण होता. हुंडीला कोणी एका दिवशी निवृत्त केले नाही. १८८१ च्या पराक्राम्य लेखांच्या कायद्यानेदेखील देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. बँका आणि धनादेश वाढत गेले, तशी ती बाजारांतून हळूहळू मागे सरली. लोकांना सवड मिळाली आणि स्थलांतर निमूटपणे पार पडले.

तारेचा पत्ता

दुसरी व्यवस्था तारेची. १८५० साली कलकत्त्याहून डायमंड हार्बरच्या दिशेने पहिली तार घातली गेली आणि १८५४ पर्यंत आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूरमार्गे मुंबईपर्यंत खांब उभे राहिले. १८७० साली मुंबई समुद्रातील तारेने इंग्लंडशी जोडली गेली. आता भाव काही तासांत कळू लागला. पण तारेला शब्दागणिक दाम पडे आणि परदेशी तारेत पत्त्याचे शब्दही मोजले जात. तेव्हा व्यापाऱ्यांनी पत्ता आखडला. तारखात्याकडे वार्षिक शुल्क भरून एका शब्दाचा पत्ता नोंदविता येई. तो शब्द आणि गावाचे नाव एवढे लिहिले, की तारघरातील कारकून आपल्या वहीत पाही आणि तारवाला नेमक्या दारी जाई.

या व्यवस्थेचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका गावात एक शब्द दोघांना मिळत नसे. दुसऱ्या गावी मात्र तोच शब्द वेगळ्या पेढीला घेता येई. म्हणजे पूर्ण नाव दोन पायऱ्यांचे असे: पेढीचा शब्द आणि गावाचे नाव. व्यापारी हा शब्द मोठ्या अभिमानाने आपल्या पत्रांच्या माथ्यावर छापीत. त्याखाली बहुधा आपण कोणती सांकेतिक पुस्तके वापरतो, तेही नमूद असे. काही घराण्यांत तो शब्दच पेढीचे दुसरे नाव होऊन बसला.

मग टेलिफोन आला. आरंभी त्यावरही क्रमांकाऐवजी नावच सांगावे लागे आणि मधला कर्मचारी जोडणी करून देई. अमेरिकेतील आल्मन स्ट्राउजर हा प्रेतसंस्काराचा व्यवसाय करी. आपली गिऱ्हाइके जोडणी करणाऱ्या व्यक्तीकडून प्रतिस्पर्ध्याकडे वळविली जातात, असा त्याला संशय आला आणि त्यातून त्याने आपोआप जोडणी करणारे यंत्र शोधले, असे सांगतात. त्याला १८९१ साली एकस्वाधिकार मिळाला. नावाचा ठाव सांगणाराच अप्रामाणिक निघाला तर धंदा बुडतो, हे सत्य त्या कथेत आहे.

हिंदुस्थानात तारेने शतकाहून अधिक काळ राज्य केले. वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांप्रमाणे १९८५ च्या सुमारास वर्षाला सुमारे ६ कोटी तारा जात-येत होत्या. पुढे घरोघरी टेलिफोन आले आणि त्यानंतर भ्रमणध्वनी. २०१३ च्या जूनमध्ये भारत संचार निगमने सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि १४ जुलै २०१३ रोजी अखेरच्या तारा स्वीकारल्या गेल्या. सुमारे महिन्याभराची सूचना! मोठ्या व्यापाऱ्यांचे काही अडले नाही, कारण ते केव्हाच फॅक्स आणि ई-मेलकडे वळले होते. अडचण झाली ती रजेसाठी घरची तार हाती असणाऱ्या सैनिकाची आणि न्यायालयात पुरावा म्हणून तारेची पावती दाखविणाऱ्या पक्षकाराची. जुनी व्यवस्था मिटताना तिच्यावर अखेरपर्यंत कोण विसंबून आहे, याची गणती आधी करावी लागते. तारेच्या इतिहासाचा हा धडा पुढील प्रकरणात उपयोगी पडेल.

संगणकांची हाक

संगणक एकमेकांना अंकी पत्त्याने ओळखतात. माणसाला अंकांची लांबलचक मालिका लक्षात राहत नाही. त्याला ‘हिशेब’, ‘गोदाम’, ‘छपाई’ अशी नावे हवीत. अमेरिकेत १९७० च्या दशकात संगणकांचे पहिले मोठे जाळे उभे राहिले, तेव्हा सर्व नावे आणि पत्ते एकाच यादीत होते. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई आणि जाळ्यातील इतर संगणक तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रांची संख्या वाढली, तसे हे ओझे एका कचेरीला पेलेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी एक नवी रचना मांडली. तिला डीएनएस म्हणतात.

ही रचना मराठी माणसास कळण्यास अवघड नाही. आपला पत्ता जसा घर, वाडी, गाव, तालुका, जिल्हा असा चढत जातो, तसेच तिच्यातील नाव चढत जाते आणि शेवटचा भाग सर्वांत मोठा असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सगळी वही एका हाती नसते. पूर्वी गावची नोंद गावच्या कुलकर्ण्याकडे आणि परगण्याची देशपांड्याकडे असे. वरिष्ठाने प्रत्येक घर लक्षात ठेवण्याची गरज नव्हती, कोणत्या गावाचा कुलकर्णी कोण एवढे त्याला माहीत असले म्हणजे पुरे. डीएनएसची वाटणी नेमकी अशीच आहे.

परंतु लहान कचेऱ्यांनी त्या काळी निराळा मार्ग धरला होता. १९८३ च्याच सुमारास आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांसाठी ‘नेटबायॉस’ नावाची पद्धत निघाली. तिच्यात यंत्राला पंधरा अक्षरांपर्यंतचे एक नाव असे आणि त्याला गाव नसे. एका यंत्राला दुसरे हवे असले, म्हणजे ते भर चौकात उभे राहून ओरडावे तसे साऱ्या जाळ्याला विचारी, ‘अमुक कोण आहे?’ ज्याचे ते नाव असेल, ते ओ देई. चार खोल्यांच्या कचेरीत हे चालून जाई. शाखा वाढल्या, तेव्हा एका शाखेतील हाक दुसऱ्या शाखेत ऐकू जाईना. म्हणून १९९४ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ३.५ या प्रणालीबरोबर विन्स, म्हणजे ‘विंडोज इंटरनेट नेम सर्व्हिस’, आणली. प्रत्येक यंत्राने सुरू होताच आपले नाव या वहीत लिहावयाचे, ठराविक मुदतीने ते ताजे करावयाचे आणि इतरांनी ओरडण्याऐवजी या वहीत पाहावयाचे, अशी तिची रीत होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत येथील ज्या कारखान्यांनी, बँकांनी आणि छापखान्यांनी विंडोजची जाळी उभारली, त्यांतील कित्येकांचा व्यवहार हीच वही चालवीत होती. मालकाला तिचे नावही ठाऊक नसे. तथापि तिच्यातील उणीव मूळचीच होती. तारेच्या पत्त्याला निदान गाव होते. विन्समधील नावाला तेही नव्हते. पुण्याच्या शाखेने एका यंत्राला ‘हिशेब’ म्हटले, की त्याच जाळ्यातील इंदूरच्या शाखेला ते नाव मिटले. २००० साली आलेल्या विंडोज २००० या प्रणालीने आपला सारा कारभार डीएनएसवर उभा केला आणि तेव्हापासून विन्स घरातील वृद्धाप्रमाणे मागल्या खोलीत राहिली.

निवृत्तीची सूचना

२०२१ साली आलेल्या विंडोज सर्व्हर २०२२ मध्ये विन्सचा पुढील विकास थांबल्याचे सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला विंडोज सर्व्हर २०२५ हा विन्स असलेला अखेरचा सर्व्हर असून त्यानंतरच्या आवृत्तीत ती असणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. या अखेरच्या आवृत्तीला नोव्हेंबर २०३४ पर्यंत आधार मिळेल. तारेला सुमारे एक महिना मिळाला. विन्सला अनेक वर्षे मिळाली आहेत. तरीही धोका कमी नाही. लांब मुदतीमुळे माणूस निश्चिंत होतो आणि ज्या जाणत्या कर्मचाऱ्याने ती वही मांडली, तो मुदत संपण्यापूर्वीच सेवानिवृत्त होतो.

स्थलांतराचे काम आज्ञेने होत नाही. ते शिरगणतीने होते. प्रथम जुन्या वहीतील प्रत्येक नाव उतरवून घ्यावे लागते आणि ते कोणत्या यंत्राचे व त्याला कोण विचारते, हे शोधावे लागते. संगणक सापडणे सोपे; न सापडणाऱ्या वस्तू निराळ्याच असतात. गोदामातील जुने छपाईयंत्र, वजनकाट्याला जोडलेली पेटी, कारखान्यातील वीस वर्षांपूर्वीचे कापणीचे यंत्र, आणि ज्याचा कर्ता आता धंद्यात नाही असा हिशेबाचा कार्यक्रम, यांच्या पोटात जुने आखूड नाव कोरून ठेवलेले असते. ज्या नावांचा धनीच उरला नाही, ती नव्या वहीत उतरवू नयेत. मृतांची नावे मतदारयादीत राहिली म्हणजे जे होते, तेच येथेही होते.

त्यानंतर जिवंत नावे डीएनएसमध्ये, गाव-तालुक्यासह नोंदवावीत. कोणी केवळ आखूड नाव घेतले, तर पुढील भाग आपोआप जोडला जाईल अशी सोय करता येते. एकाच यंत्राला दुसरे, तिसरे नाव देण्याचीही सोय तेथे आहे. भैरवगढ म्हणा, भेरूगढ म्हणा, मागणी एकाच दारी जाते. तीच ही युक्ती. त्यामुळे ज्यांच्या तोंडी जुने नाव बसले आहे, त्यांना एका दिवसात जीभ वळवावी लागत नाही.

मग एका शाखेत जुनी वही मिटून पाहावी आणि वाट पाहावी. ही वाट आठवड्याची असून भागत नाही. काही कार्यक्रम महिनाअखेरीस आणि काही केवळ मार्चअखेरच्या हिशेबालाच जागे होतात. वर्षाचा एक फेरा पुरा झाला आणि कोणी अडखळले नाही, म्हणजेच खात्री धरावी. वही बंद करतानाही जुनी पेठ-परपेठची दक्षता लागते. अनेक सर्व्हरांवर विन्सच्या नकला असतात. एका ठिकाणी नाव नुसते पुसले, तर दुसऱ्या नकलेवरून ते परत येते. म्हणून ते पुसण्याऐवजी त्याच्यावर मृत्यूची खूण करावी लागते आणि ती खूण सर्व नकलांपर्यंत पोहोचू द्यावी लागते.

आणखी एक चूक टाळली पाहिजे. जुनी वही मिटली आणि नवी पुरी झाली नाही, तर यंत्रे पुन्हा चौकात ओरडू लागतात. अशा वेळी हाकेला कोणीही ओ देऊ शकतो. जाळ्यात शिरलेला लबाडही ‘हिशेब मीच’ असे सांगून संकेतशब्द हस्तगत करण्याचा प्रयत्न करतो. शाहाजोग हुंडी वटविणाऱ्या सराफाने हा धोका ओळखला होता. नाव सांगणाऱ्याची ओळख पटविल्यावाचून थैली सोडावयाची नाही, ही त्याची रीत संगणकाच्या युगातही जुनी झालेली नाही. जुन्या वहीबरोबर ओरडण्याची सवयही बंद करणे, हा स्थलांतराचाच भाग होय.

लहानांचे काय?

मोठ्या उद्योगांपाशी यासाठी माणसे आणि पैसा आहे. ते वेळेवर नव्या वहीत जातील. प्रश्न उरतो तो लहान छापखान्याचा, सहकारी संस्थेचा आणि ज्याच्या दुकानात एका शेजाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी चार संगणक जोडून दिले, त्या व्यापाऱ्याचा. निवृत्तीच्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. एखाद्या सकाळी नवा सर्व्हर बसविला जातो, गोदामातील यंत्राला नाव सापडत नाही, चलन छापले जात नाही आणि भरलेली गाडी दारात उभी राहते. या हानीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

त्याच्या बाजूनेही काही गोष्टी घडल्या आहेत. भैरवगढच्या कलेचे नाव आता चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात संरक्षित आहे. ते नाव लावून अन्यत्रचा माल विकणाऱ्यास कायदा अडवू शकतो. २०१४ पासून इंटरनेटवरील पत्ता ‘.भारत’ या शेवटासह देवनागरीत घेता येतो. म्हणजे कारागिराला आपले नाव आपल्या लिपीत, जगाच्या वहीत लिहिता येते. मात्र वहीत नाव लिहून भागत नाही. ते मुदतीनुसार ताजे करावे लागते, आणि ठाव बदलला की तोही कळवावा लागतो.

हुंडीच्या वेळी हे काम सराफ्याने केले, तारेच्या वेळी तारघरातील कारकुनाने. आज ते ज्याचे त्याने करावयाचे आहे, किंवा त्याच्या संघाने, सहकारी संस्थेने त्याच्यासाठी करावयाचे आहे. २०३४ हे साल दूर दिसते. परंतु ज्यांना मागल्या खोलीतील वहीची गणती करावयाची आहे, त्यांच्या वाट्याला येणारी मार्चअखेर आता मोजकीच उरली आहे. येत्या हिशेबापूर्वी पहिली यादी झाली, तर पुढील काम सोपे जाईल.